ऐकू येतं, समजत नाही

दिवाळीत सगळे राजूरला जमलो की एका रात्री जेवणं उरकून आम्ही घरातच सिनेमा लावतो. 2024 च्या दिवाळीत सिनेमा अर्ध्यावर आलेला असताना अण्णा उठले. म्हणाले, “ह्याच्यातलं बोलणं काही समजंना मला. जुना झाला तुझा डबा.” आणि झोपायला निघून गेले.

डबा म्हणजे माझा होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर. 2012 मध्ये पुण्यात पहिली नोकरी लागली, तिच्या पहिल्या बोनसमधून घेतलेला. पाच बॉक्स आणि एक वूफर जोडता येईल असा, जवळजवळ दहा किलोंचा. पुण्याहून जालना आणि जालन्याहून राजूर, एसटीत मांडीवर घेऊन आणला होता. अजय-अतुल यांनी ‘सैराट’च्या संगीतासाठी अमेरिकेतल्या सोनीच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला होता, हे वाचल्यावर आम्ही ती गाणी त्या डब्यावर इतक्यांदा लावली की आळीतली पोरं संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायची. आमच्या गावात आवाजाला तोटा कधीच नव्हता. गणपतीच्या टेकडीवरचे भोंगे आहेत, अंगारकीला जालन्याहून रात्रभर पायी येणाऱ्यांचा गजर आहे. पण आवाजात इतके थर असतात हे मला त्या डब्याने शिकवलं.

तरी त्या रात्री मी अंथरुणात पडून मोबाइलवर नवे अ‍ॅम्प्लिफायर बघत बसलो. एक वाजेपर्यंत एक पसंतही पडला. 60 हजार रुपये, बारा हप्ते. सकाळी अण्णांना किंमत सांगितली. त्यांनी ती त्यांच्या मापाने मोजली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. “म्हंजी आठ क्विंटल कापूस,” एवढंच म्हणाले. घे म्हणाले नाहीत, घेऊ नको असंही नाही.

चालू वस्तू बदलायची की नाही, हा प्रश्न काही माझ्या एकट्याचा नाही. तुम्ही ज्या फोनवर हे वाचताय, त्याच्याबद्दलही तो कधीतरी पडला असेल. बहुतेक वेळा आपण तो पैशांचा प्रश्न समजून सोडवतो. परवडतं का? परवडत असेल तर घ्यायचं, नसेल तर हप्त्यावर घ्यायचं. पण परवडण्याच्या आधी एक प्रश्न असतो आणि तो मी स्वतःला विचारलाच नव्हता. काहीतरी कमी पडतंय हे खरं. पण कमी पडतंय ते नेमकं कुठे?

आधी डब्याची बाजू मांडतो. अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात दोन वेगळ्या वयांची यंत्रं असतात. एक भाग आवाज मोठा करणारा. ट्रान्सफॉर्मर, ट्रान्झिस्टर, जाडजूड हीटसिंक. या भागाचं मूळ तंत्र कित्येक दशकं फारसं बदललेलं नाही. दुसरा भाग टीव्हीशी, सेट टॉप बॉक्सशी बोलणारा. तो मात्र दर काही वर्षांनी मागे पडतो. माझ्या डब्यातली एचडीएमआय 1.4 आवृत्तीची. 2013 मध्ये 2.0 आली, 2017 मध्ये 2.1. घरातली डॉल्बी अ‍ॅटमॉस 2014 नंतरची, ती त्याला कळत नाही. 4के चित्र त्याच्यातून पुढे पाठवायला गेलं तर नवी उपकरणं कॉपी-संरक्षणाचं कारण सांगून अडून बसतात. पण त्याला सोपा उपाय आहे. चित्र थेट टीव्हीला द्यायचं आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबलने आवाज तेवढा डब्याला. साध्या 5.1 आवाजासाठी ती केबल पुरते.

आता नव्याची बाजू. जाहिरातीत मोठ्या अक्षरात वॉट लिहिलेले होते. माझ्याकडे 80, नव्यात 100. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्या दोघांतला फरक एक डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. शिवाय घरात आपण ऐकतो तेव्हा बहुतेक वेळ अ‍ॅम्प्लिफायर दोन-चार वॉटच देत असतो. अ‍ॅटमॉस मात्र खरोखर नवी गोष्ट. आवाज डोक्यावरूनही येतो, पाऊस छतावर पडल्यासारखा वाटतो. पण त्यासाठी आणखी दोन किंवा चार बॉक्स वर बसवावे लागतात. आमच्या माळवदाच्या घरात ते कुठे ठोकणार? मग पीओपी, मग वायरिंग, मग आताचा टीव्ही लहान वाटणार. एका डब्याच्या मागे पूर्ण खोली उभी राहते.

इथपर्यंत आलं की ‘जुनं ते सोनं’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. मला ते पटत नाही. जुनं जपणं हा आपल्या गावाकडचा स्वभाव आहे, असं शहरात राहणारी माणसं समजतात. मी लहान असताना आमच्याकडे बैलजोडी होती. बाजारात बैलाचे दात बघायचे, शेतात त्याची चाल. नांगराला दमायला लागला की त्याला कोळप्याला जुंपायचे, हलक्या कामाला. वय झालं एवढ्यावरून कुणी त्याला दावणीवरून सोडत नसे. कामच उरलं नाही की मात्र सोडत. आमच्याकडे भाड्याचा ट्रॅक्टर आला त्या वर्षी अण्णांनी जोडी विकली. पोळ्याला आई मातीचे बैल पुजू लागली. तिला वाईट वाटलं, अण्णांनाही वाटलं असणार, पण ट्रॅक्टर परत पाठवावा असं कुणाच्या मनात आलं नाही. म्हणून जुन्या वस्तूवरच्या प्रेमाचं मी भांडवल करणार नाही. त्या बैलांकडून मी एकच गोष्ट घेतो. वय विचारायच्या आधी काम विचारायचं.

डब्याचं काम विचारायला मी तो जालन्याला नेला. एका अरुंद दुकानात, मिक्सर आणि जुन्या टीव्हींच्या ढिगात, साठीचे एक मेकॅनिक बसतात. त्यांनी झाकण काढलं, फुंकर मारली, दोन फुगलेले कंडेन्सर बोटाने दाखवले. रिलेचे काँटॅक्ट काळे पडले होते, एक-दोन ठिकाणी सोल्डर सुटलं होतं. तीन दिवस, 1,400 रुपये. पैसे देताना मी म्हणालो की संवाद समजत नाहीत. ते म्हणाले, “समजत नसतील तर मधला बॉक्स बघा. बोलणं सगळं मधल्यातून येतं.”

घरी येऊन बघितलं. मधला बॉक्स टीव्हीखालच्या कपाटात होता आणि त्याच्यापुढे दिवाळीच्या फराळाचे रिकामे डबे रचलेले. बाहेर काढला, कानाच्या उंचीकडे थोडा तिरका केला, त्याचा आवाज चार डेसिबलने वाढवला. आम्हाला सगळ्यांना एकेक शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागला. अण्णांना बोलावलं. ते दहा मिनिटं बसले, मान हलवली आणि म्हणाले, “आवाज येतोय. पण समजंना.”

तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्यांना माझं तरी कुठं समजतं? दोन वर्षं झाली, एकेक गोष्ट तीनदा सांगते मी.”

मी अण्णांचा शब्द पहिल्यापासून चुकीचा ऐकत होतो. ते एकदाही ‘ऐकू येईना’ म्हणाले नव्हते. दर वेळी ‘समजंना’ म्हणत होते. माझ्या डोक्यात त्याचं भाषांतर झालं ‘आवाज कमी पडतोय’, आणि कमी आवाजावरचा उपाय दुकानात मिळतो.

जालन्यातच कानाची तपासणी केली. कागदावर एक रेघ निघाली. डावीकडे, खालच्या पट्टीत, जवळजवळ सपाट. उजवीकडे, वरच्या पट्टीत, उतारावरून घसरत गेलेली. तपासणाऱ्या ताईंनी समजावून सांगितलं. वयाबरोबर आधी जातो तो वरच्या पट्टीतला आवाज. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दणकट असतात, ते ऐकू येतात. स, त, क, फ यांसारखी व्यंजनं नाजूक, त्यांची ओळख वरच्या पट्टीत असते, ती आधी हरवतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नाही. ‘साप’, ‘ताप’, ‘काप’ सगळं एकच. वरून पार्श्वसंगीत असेल तर विचारायलाच नको. आवाज वाढवला की स्वर आणखी मोठे होतात आणि उरलीसुरली व्यंजनं त्यांच्याखाली दबतात. म्हणजे मी 60 हजारांचा डबा आणला असता, तर अण्णांना न समजणाऱ्या गोष्टी जास्त मोठ्याने ऐकवल्या असत्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे जगात 43 कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी उपचाराची किंवा साधनाची गरज आहे. त्यातले किती जण आत्ता घरच्यांना सांगत असतील की टीव्हीच खराब झालाय?

परतताना एसटीत मी अण्णांना विचारलं, तुम्हाला कळलं नव्हतं का? ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “कळत होतं. पण तू डबा जुना झाला म्हणला, तर म्हणलं डब्याचंच असंल तर बरं.”

डबा जुना झाला हे आधी त्यांनी म्हटलं होतं, मी नाही. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. कारण आम्हा दोघांनाही तेच हवं होतं. वडाची साल पिंपळाला लावायची आणि दोघांनी मिळून पिंपळाला औषध द्यायचं. यंत्राला म्हातारं ठरवलं की घरात कुणीच म्हातारं होत नाही. मुलाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, बापाला कबुली द्यावी लागत नाही, दुकानदाराचा माल खपतो. यात कुणी खोटंही बोललेलं नसतं. नैतिक चुका बऱ्याचदा अशाच होतात, सगळ्यांच्या सोयीने.

‘एवढे पैसे उधळावेत का’ या प्रश्नापेक्षा मला ही गोष्ट जास्त टोचते. उधळपट्टीचा हिशेब निदान मांडता येतो. 2022 या एका वर्षात जगात सहा कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे ती जेमतेम 22.3 टक्क्यांची. भारतात 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्या गल्लीत मात्र अजून भंगारवालाच येतो, वजनकाटा घेऊन. माझा डबा त्या काट्यावर गेला असता तर ते वाईटच झालं असतं. पण त्याहून वाईट हे की, तो गेल्यावरही अण्णांची तक्रार जागेवरच राहिली असती, आणि ती पुन्हा ऐकायला मी आणखी उशीर केला असता. इतका खर्च केला, आता तरी समजायला पाहिजे, असंही त्यांच्यावर चिडून म्हणालो असतो.

म्हणून आता मी स्वतःसाठी एक साधा क्रम ठरवलाय. वस्तू बदलावीशी वाटली की आधी बघायचं, ती बिघडली आहे की तिच्या शेजारची बाकीची उपकरणं बदलली आहेत. बिघडली असेल तर उघडून दाखवायची. शेजार बदलला असेल तर तिला हलकं काम देता येतं का बघायचं. आणि सगळ्यात आधी, तक्रार करणारा कोणता शब्द वापरतोय तो नीट ऐकायचा. एवढं करूनही गरज उरली, तर नवं घ्यायला मला लाज वाटणार नाही. उद्या डब्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला, किंवा त्याच्यापायी शॉक बसायची भीती निर्माण झाली, तर मी एक दिवस थांबणार नाही.

गंमत म्हणजे घरात शेवटी नवा अ‍ॅम्प्लिफायर आलाच. दोन आले. कानामागे बसणारं श्रवणयंत्र म्हणजे दुसरं काय? एक मायक्रोफोन, एक छोटा बॉक्स आणि मधे अ‍ॅम्प्लिफायर. फक्त तो सगळा आवाज सरसकट वाढवत नाही. कागदावरची रेघ जिथे घसरली होती तिथलाच उचलतो. दोन्ही कानांचे मिळून 46 हजार. अण्णांनी त्याचे क्विंटल केले नाहीत. तेही पाच-सात वर्षांनी जुने होतील, तेव्हा हाच प्रश्न परत येईल.

पहिले काही दिवस ते वैतागले. भांड्यांचा आवाज टोचतो, स्वतःचं चावणं ऐकू येतं. चतुर्थीला टेकडीवरचे भोंगे सुरू झाले तर कानावर हात ठेवून म्हणाले, “हे रोज एवढ्यानं वाजतं?” हळूहळू सवय झाली. सिनेमा लावला की डब्याचा आवाज पूर्वी 58 वर असायचा, आता 40 वर असतो आणि अण्णा शेवटपर्यंत बसतात. मधेच एखाद्या संवादावर आमच्याआधी हसतात.

आईची मात्र पंचाईत झाली आहे. दोन वर्षं ती स्वयंपाकघरात मनातलं सगळं मोकळेपणी बोलायची. परवा फोनवर मला हळू आवाजात म्हणाली, “आता बघून बोलावं लागतं रे. समजायला लागलंय त्यांना.”