नवसाचे ऋण आणि सूझांचे चेहरे

नवस हा भाविक आणि देव यांच्यातील करार मानला, तर त्यात एक अडचण राहून जाते: नवस बोलतो एक आणि पुष्कळदा तो फेडावा लागतो दुसऱ्याला. आजारी मुलासाठी आई नवस बोलते तेव्हा ज्याच्या आयुष्याचा हा व्यवहार चाललेला असतो त्याची संमती कोणी विचारत नाही, विचारणे शक्यही नसते. तरी मूल वाचले की ते 'नवसाचे' ठरते आणि त्याने कधी न काढलेले ऋण त्याच्या खात्यावर मांडले जाते. संमतीवाचूनचे ऋण ही कल्पना भारतीय विचाराला परकी नाही, कारण देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तिन्ही ऋणे माणूस जन्मतःच घेऊन येतो असे शास्त्रकार सांगतात. परंतु ज्याला नवस बोलला गेला तो संत परकीय सत्तेच्या जहाजातून आलेला असेल, आणि नवस बोलणाऱ्या आईचे पूर्वजही त्याच सत्तेच्या काळात बाटवले गेलेले असतील, तर फेडायचे ते नेमके कोणाचे, हा प्रश्न उरतो. फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) यांच्या चित्रांकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहता येते.

सूझांचा जन्म पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, बार्देशातील साळगाव येथे झाला. ते तान्हे असतानाच वडील वारले आणि त्यानंतर थोरली बहीणही गेली. पुढे मुलालाच देवी आल्या तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियर यांना साकडे घातले की मुलगा वाचला तर त्याला धर्मगुरू करीन. मुलगा वाचला, त्याच्या 'न्यूटन' या नावाआधी संताचे नाव जोडले गेले, आणि चेहऱ्यावर वण राहिले. जगवायच्या मुलाचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवून मृत्यूची नजर चुकवण्याची जी रीत महाराष्ट्रात आहे, तिचीच ही उलटी बाजू म्हणता येईल, कारण येथे नाव लपवण्यासाठी नव्हे, तर ऋण दिसावे म्हणून दिलेले आहे.

मराठीत या रोगाला 'देवी' म्हणतात, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. शीतळेच्या उपासनेत रोग आणि दैवत वेगळे काढता येत नाहीत: देवी अंगात येते, तिचा मान राखावा लागतो, आणि ती गेल्यावर राहिलेला वण ही तिच्या येण्याची खूण असते. कॅथलिक श्रद्धेत रोग ही परीक्षा आहे आणि संत हा देवापाशी रदबदली करणारा मध्यस्थ आहे. दोन्हींच्या धर्मशास्त्रात एवढे अंतर असले तरी नवसाचा आकार मात्र एकच राहिला, आणि कोकणीतला 'आंगवण' हा शब्द दोन्ही समाज वापरतात. धर्मांतराने दैवताचे नाव बदलले, पण दैवतापाशी बोलायची भाषा बदलली नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला हिंदूंचीही गर्दी होते आणि शिरगावची लईराई देवी तिची बहीण मानली जाते, हे पाहिले की 'परकीय' आणि 'देशी' अशी सरळ वाटणी करणाऱ्यांना गोव्यात जरा थांबावेच लागते.

निर्वसाहतीकरण म्हणजे केवळ परकीय राज्यकर्ते निघून जाणे नव्हे, तर त्यांनी मनात, भाषेत आणि कल्पनेत रुजवलेल्या मोजपट्ट्या तपासून त्या टाकणे किंवा मोडून वापरणे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. राजकीय पातळीवर सूझांनी हे काम उघडपणे केले. 'चले जाव' चळवळीतील सहभागापायी १९४५ मध्ये त्यांना सर ज. जी. कला विद्यालयातून काढून टाकण्यात आले, आणि १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. मात्र त्या वर्षी स्वतंत्र झालेल्या देशात त्यांचे जन्मगाव नव्हते. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला तेव्हा ते लंडनला जाऊन बारा वर्षे झाली होती. धार्मिक पातळीवरचा हिशेब याहून किचकट होता. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनीच पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मभ्रष्टतेची चौकशी करणाऱ्या न्यायासनाची, मागणी केली. ते न्यायासन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, चालले. हेच झेवियर सामान्य गोवेकरांचे 'गोंयचो सायब' आहेत. एका मुलाचे प्राण त्यांच्या नावाने वाचले असे त्याच्या आईने मानले असेल, तर त्या मुलाला इतिहास वाचून नवस रद्द करता येत नाही.

सूझांनी तो रद्द केला नाही आणि सांगितल्याप्रमाणे फेडलाही नाही. ते धर्मगुरू झाले नाहीत. किंबहुना मुंबईत त्याच संताचे नाव असलेल्या शाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले होते. चर्चच्या सिद्धान्तांपेक्षा तेथील जरतारी वस्त्रे, धूप, रंगवलेले लाकडी संत आणि छळलेला ख्रिस्त यांनी आपल्याला ओढले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे आयुष्यभर त्यांनी वेदीवरच्या याच प्रतिमा पुन्हापुन्हा रंगवल्या, मात्र ज्या रूपात त्या कोणत्याही वेदीवर ठेवता येणार नाहीत अशा रूपात.

१९५५ चे 'मिस्टर सेबॅस्टियन' हे चित्र या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. संत सेबॅस्टियन हा बाणांनी विंधलेला रोमन हुतात्मा. युरोपात प्लेगच्या साथीत त्याचा धावा केला जाई, कारण अचानक येऊन लागणारा बाण ही साथीच्या रोगाची फार जुनी उपमा आहे. प्रबोधनकाळातील चित्रकारांनी त्याचे शरीर नग्न, गोरे आणि देखणे काढले आणि बाण धडावर रोवले. सूझांच्या चित्रातला माणूस कोट घातलेला, शहरी, 'मिस्टर' म्हणण्याजोगा आहे. शरीर कपड्यांत झाकलेले आहे आणि बाण रुतले आहेत ते चेहऱ्यात आणि मानेत, म्हणजे देवीचे वण जेथे उघडे राहतात तेथेच. कपाळापर्यंत चढलेले डोळे आणि गालांवर उभ्याआडव्या काळ्या रेघांची जाळी ही त्यांच्या त्या दशकातील मुखचित्रांची ओळख आहे. प्रत्येक रेघ म्हणजे वण, असे समीकरण मांडणे वैद्यकीय तपासणीसारखे होईल आणि चित्रावर अन्याय करील. परंतु साथीपासून राखणाऱ्या संताला साथीतून वाचलेल्या माणसाने आपल्या काळाचा कोट चढवावा आणि जखमा मात्र चेहऱ्यावर आणाव्यात, हा योगायोग मानणेही कठीण आहे. येथे राखणारा आणि राखला गेलेला एकाच देहात आले आहेत, आणि मध्यस्थाला जागाच उरलेली नाही.

१९५९ च्या 'क्रूसिफिक्शन'मधील ख्रिस्त, जे चित्र आता लंडनच्या टेट संग्रहात आहे, काळा आणि काटेरी आहे. १९६६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये काळ्यावर काळा रंग थापून केलेली चित्रे मांडली, ज्यांतील आकृती समोरून जवळजवळ दिसत नाही आणि उजेड तिरपा पडला की रंगाच्या उंचवट्यांवरून उमटते. त्वचेवरचा वणही असाच तिरप्या उजेडात नीट दिसतो.

पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्कला गेले. मृत्यू मात्र मुंबईत आला. चित्रांवर ते बहुधा वरच्या कोपऱ्यात, सालासह, केवळ 'सूझा' एवढेच लिहीत. नवसाने दिलेले नाव तेथे नाही आणि त्याआधीचेही नाही; आहे ते आडनाव, जे गोव्यातील घराण्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी एखाद्या पोर्तुगीज पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून मिळत असे.