शोकाची कृती आणि साक्षीचा प्रश्न

करुणरसाची मीमांसा करताना भारतीय साहित्यशास्त्राला एक पेच सतत जाणवत आला आहे. लौकिक जीवनात दुःखद असणारी घटना काव्यात आस्वाद्य कशी होते? भट्टनायकाने साधारणीकरणाच्या संकल्पनेतून या प्रश्नाचे उत्तर दिले आणि अभिनवगुप्ताने त्याची पुढे चिकित्सा केली. शोक कोणा एका व्यक्तीचा उरत नाही, म्हणून सहृदयाला त्याचा आस्वाद घेता येतो. मात्र नाट्यगत घटना सहृदय पाहतो, ती स्वतः घडवीत नाही, हे या उपपत्तीत गृहीत धरलेले आहे. व्हिडिओ गेम या कथनप्रकाराने हेच गृहीतक अडचणीत आणले आहे.

जायंट स्पॅरो या संस्थेने घडवलेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' ही दोन-अडीच तासांची कृती या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका बेटावर फिंच कुटुंबाचे घर आहे. सतरा वर्षांची ईडिथ तेथे परतते आणि एकामागून एक अकाली मरण पावलेल्या आप्तांच्या खोल्या पाहत जाते. पणजी ईडीने मृतांच्या खोल्या जशाच्या तशा जतन केल्या होत्या. आई डॉनने त्या बंद केल्या, तर पणजीने बंद दारांना आत पाहण्यासाठी भोके पाडली. स्मरण हे मृतांप्रति कर्तव्य आहे, की त्यामुळे जिवंतांवर मृत्यूची छाया पडते, हा नैतिक वाद येथे घराच्या रचनेतच उतरलेला आहे.

खेळणारा मात्र या वादात तटस्थ राहू शकत नाही. न्हाणीच्या टबात बुडणाऱ्या तान्ह्या ग्रेगरीच्या प्रसंगात खेळण्यातला बेडूक त्यालाच हलवावा लागतो. त्याने हात आवरला तर मूल मरत नाही, पण कथाही पुढे सरकत नाही. जिज्ञासा ही वाचकाची निष्पाप वृत्ती मानण्याची सवय येथे मोडते. पुढचे दार उघडण्याची इच्छा म्हणजे पुढच्या मृत्यूची इच्छा ठरते.

याहून महत्त्वाचा मुद्दा निवेदनाचा आहे. ग्रेगरीचा प्रसंग उलगडतो तो त्याच्या पित्याने विभक्त होणाऱ्या पत्नीला लिहिलेल्या पत्रातून. मासळीच्या कारखान्यात काम करता करता कल्पित राज्यात हरवणाऱ्या लुईसची कथा त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाने डॉनला लिहिलेल्या पत्रातून कळते. म्हणजे खेळणारा अनुभवतो तो मृताचा अनुभव नव्हे. मागे राहिलेल्यांनी रचलेले सांत्वन तो अनुभवतो. अशा सांत्वनाला साक्षीचा दर्जा देता येईल काय?

ग्रेगरीच्या प्रसंगात ही कृती प्रामाणिक राहते. बालकाचा आनंद ही पित्याची गरज आहे, हे पत्राचा संदर्भ लपवीत नाही. बालनटी बार्बराचा मृत्यू मात्र भयकथेच्या चित्रमय मासिकातून सांगितला जातो. बाजारू कथन मृत्यूचा कसा वापर करते, हे दाखवण्याचा हेतू तेथे असावा. पण भयकथेची गंमत त्या हेतूवर मात करते. आपण कोणाच्या शोकाचा उपभोग घेत आहोत, हा प्रश्न खेळणाऱ्याला तेथे पडेनासा होतो.

शोक ही मनाला करावी लागणारी मेहनत आहे आणि तिला शेवट असतो, असे फ्रॉइडने १९१७ मधील निबंधात मांडले होते. ईडीचे जतन आणि डॉनने घातलेली बंदी या दोन्हींत ही मेहनत अपुरीच राहते. ईडिथ आपल्या होणाऱ्या अपत्यासाठी वही लिहिते. या कथा खऱ्या आहेत असा दावा ती करीत नाही आणि त्या दडवीतही नाही; निर्णय वाचणाऱ्यावर सोपवते. शोकात्म कथनाचे मूल्यमापन केवळ त्याच्या करुणतेवरून करू नये. सांत्वन कोणाचे आणि ते कोणी रचले, हे ते कथन उघड ठेवते काय, हीच त्याची नैतिक कसोटी मानावी लागेल.