विसार कोणास बांधतो?

मारेगांवाकडील एका मंडळीच्या शिक्षकांनीं आम्हांस पुढील प्रश्न विचारिला आहे. एखाद्या कारागिरास वस्तु करावयास सांगून विसार दिला, आणि पुढें ती वस्तु घेतली नाहीं, तर विसाराचे पैसे कारागिरानें ठेवून घेणें न्याय्य आहे काय? तसेंच, घेतलेली वस्तु दोन महिन्यांत मोडली, तर तिची जोखीम कोणावर? प्रश्न लहान दिसतो, व रक्कमही बहुधा शंभराच्या आंतबाहेरचीच असते. परंतु ज्या गांवांत कोणी करार लिहून ठेवीत नाहीं, तेथें माणसाच्या शब्दाची किंमत अशाच रकमांत ठरते; म्हणून ह्या प्रश्नास आम्ही थोडी अधिक जागा देत आहों. शिवाय ह्या बाबतींत आम्ही स्वतः एकदां अपराधी ठरलों आहों, तें आधींच सांगून टाकलेलें बरें.

कांहीं वर्षांपूर्वीं पोळ्याच्या सुमारास पांढरकवड्याच्या बाजारांत एका बुरुडाच्या दुकानापुढें आम्ही उभे राहिलों. दुकान म्हणजे जमिनीवर पसरलेलें पोतें, व त्यावर सुपें, टोपल्या, दुरड्या आणि एक पाळणा. आमच्या नातवास पैनगंगेच्या कांठीं गळ टाकून बसण्याचा नाद लागला होता. त्याच्या हातांत बसेल अशी सात हात लांबीची काठी आम्ही करावयास सांगितली. किंमत 250 रुपये ठरली, व 50 रुपये विसार दिला. पुढच्या बाजारीं घेऊन जाऊं असें म्हणून आम्ही निघालों, आणि मग सोयाबीनची कापणी, घरांतील ताप व पाहुणे ह्यांत ती गोष्ट मागें पडली. खरें बोलावयाचें तर आम्ही ती पुरी विसरलों नव्हतों. मधून मधून आठवण होई, आणि आम्ही मनाशीं म्हणत असूं, पन्नास रुपये गेले तर गेले!

दिवाळीनंतर त्याच बाजारांत त्याच माणसाची गांठ पडली. काठी त्याच्या मागें निंबाच्या झाडास टेकून उभी होती. दर बाजारीं तो ती घेऊन येत असे आणि दर बाजारीं परत नेत असे. सात हातांची काठी एस्टींत चढविणें किती अवघड, हें ज्यानें चढविली आहे त्यालाच ठाऊक. मध्यंतरीं दोन गिऱ्हाइकांनीं ती मागितली होती. आम्ही विचारिलें, मग विकली कां नाहीं? तो म्हणाला, "तुमचा इसार होता नं जी माह्याजवळ. मंग इकू कशी?"

पैसे सोडले कीं आपण सुटलों, अशी आमची समजूत होती. येथें तर पैसे सोडणारे आम्ही मोकळे फिरत होतों, आणि तीन महिने बांधला गेला होता तो.

आपल्या जुन्या मराठींत विसारास संचकार असाही एक शब्द आहे. त्याचें मूळ संस्कृत सत्यंकार, म्हणजे खरें करणें. याज्ञवल्क्य स्मृतींत सत्यंकार म्हणून घेतलेलें द्रव्य दुप्पट परत द्यावें असा नियम सांगितला आहे. आणि त्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर त्याचा असा उलगडा करितो कीं, आंगठी किंवा दुसरें कांहीं देणारानेंच करार मोडला तर दिलेलें त्यानें गमवावें, व घेणारानें मोडला तर त्यानें दुप्पट भरावें. आश्चर्य हें कीं, इ. स. 533 सालीं रोमी बादशहा जस्टिनियन ह्यानें जो कायद्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतही हाच नियम आहे. दोन दूरच्या देशांत शास्त्री लोक एकाच ठिकाणीं पोंचले, ह्याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, विसार ही दोघांच्या कमरेस बांधलेली एकच दोरी आहे, हें बाजारांतील मनुष्य कोठेंही ओळखतो.

आपल्या वाचकांस हा शब्द दुसऱ्या एका ठिकाणाहूनही परिचित आहे. पौलानें आपल्या पत्रांत आत्म्याविषयीं तीन वेळां (2 करिंथ 1:22 व 5:5, इफिस 1:14) जो शब्द योजिला, तो शेमी व्यापाऱ्यांकडून ग्रीक भाषेंत आलेला बाजारी शब्द होय, व मराठी शास्त्रांत त्यास विसार हाच प्रतिशब्द घातला आहे. आजच्या ग्रीक भाषेंत त्याच शब्दाचा अर्थ साखरपुडा असा झाला आहे. आतां ध्यानांत घ्या कीं, तेथें विसार देणारा कोण आणि घेणारा कोण. देणारा थोर आहे, घेणारा गरीब आहे. आणि तरी बांधला जातो तो देणारा. विसार दिला म्हणजे उरलेलें सर्व देण्याचें त्यानें पत्करिलें. ह्या शब्दावर उपदेश ऐकणारा व करणारा मनुष्य बाजारांत मात्र "गेले तर गेले" म्हणतो, हें विसंगत नव्हे काय?

आतां कारागिरानें पैसे ठेवावे कीं नाहीं, ह्या प्रश्नाकडे येऊं. सरकारी कायद्याचें धोरण ह्या बाबतींत जाणण्यासारखें आहे. मौला बक्ष नांवाच्या कंत्राटदारानें 1947 सालीं संयुक्त प्रांतांतील लष्करास एका करारानें बटाटे, व दुसऱ्या करारानें कोंबड्या, अंडीं व मासे पुरविण्याचें पत्करून 10,000 व 8,500 रुपये अनामत ठेविली. त्याच्याकडून माल नीट पोंचेना, म्हणून सरकारनें करार रद्द करून अनामत जप्त केली. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व 1969 सालीं निकाल असा लागला कीं, बटाटे-अंडीं बाजारांत दुसरीकडून घेतां येतात, तेव्हां सरकारचें नुकसान किती झालें हें सहज दाखवितां आलें असतें. तें दाखविलेलें नाहीं, म्हणून अनामत गिळतां येणार नाहीं. 1872 च्या करारकायद्याचें 74 वें कलम योग्य तितकीच भरपाई देतें. वाजवी विसार हा दंड समजूं नये, हेंही त्याच न्यायालयानें सांगितलें.

ह्यावरून आमचें मत असें. बुरुडानें सूप केलें, व तें आपण नेलें नाहीं, तर तेंच सूप तो दुसऱ्या बाजारीं दुसऱ्यास देईल. त्याचें थोडेंच नुकसान. पण एखाद्यानें आपल्या खोलीच्या मापाची ताटी, किंवा आपल्या हाताच्या मापाची काठी सांगितली, तर ती दुसऱ्यास बसेलच असें नाहीं. तिच्यांत बांबू गेला, दोन-तीन दिवस गेले, त्या दिवसांत ज्या चार टोपल्या झाल्या असत्या त्या झाल्या नाहींत. अशा ठिकाणीं विसार ठेवून घेणारा कारागीर कोणाचें कांहीं लुबाडीत नाहीं. पुष्कळदां विसारानें त्याचें पुरतें भरूनही निघत नाहीं. मात्र वस्तु दुसऱ्यानें पुऱ्या किंमतीस नेली, आणि कारागीर विसारही परत करीत नाहीं, तर तेथें आम्ही त्याच्या बाजूनें बोलणार नाहीं.

विसाराचा एक वाईट भाऊ आहे, त्याचें नांव उचल. बुरूड, कोलाम, सालदार, ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें, ह्या सर्वांस तो चांगला माहीत आहे. पैसे आधीं मिळतात हें दोहोंत सारखें. परंतु विसारानें वस्तु बांधली जाते; उचलीनें माणूस बांधला जातो. पावसाळ्यांत धंदा नाहीं, घरांत दाणा नाहीं, अशा वेळीं व्यापारी हजार-दोन हजार रुपये पुढें करितो, आणि मग हिवाळाभर सर्व टोपल्या त्यालाच, तो म्हणेल त्या भावानें. आगाऊ घेतलेल्या पैशापायीं मनुष्याची मजुरी व मोकळीक हिरावली जाणें ह्यास 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. अनुवादाच्या 24 व्या अध्यायांत सावकारानें जात्याची तळी गहाण घेऊं नये असें सांगितलें आहे, कारण जातें नेणें म्हणजे घरचा जीव नेणें. आमच्या मंडळ्यांत कोणी बुरुडास पैसे आगाऊ देत असेल, तर त्यानें स्वतःस इतकेंच विचारावें कीं, हा मनुष्य उद्यां दुसऱ्याचें काम घेऊं शकेल काय?

राहिली हमीची गोष्ट. बांबू हें कांहीं लोखंड नव्हे. गळाच्या काठीस आपल्याकडील मानवेल चांगली, कारण ती जवळ जवळ भरीव असते. ती तीन वर्षांहून कोंवळी नसावी, पावसाळा सरल्यावर तोडावी, सावलींत वाळवावी, आणि विस्तवावर शेकून सरळ करावी. बांबूंत पिष्ट फार असलें, तर कीड लवकर लागते व काठींतून बारीक पिवळट पीठ गळूं लागतें. वाहत्या पाण्यांत कांहीं दिवस बुडवून ठेविल्यास हें पिष्ट कमी होतें. इतकें करणें, किंवा न करणें, कारागिराच्या हातीं आहे, आणि इतक्याची हमी त्याच्याकडे मागावी. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हायरम लेनर्ड वगैरे कारागिरांनीं सहा त्रिकोणी चिरफळ्या चिकटवून काठ्या करण्याची कला नांवारूपास आणिली, व तशा हातच्या काठ्या अजूनही होतात. त्या करणारे लोकही बहुधा आपल्या हातच्या कामाची हमी देतात. दारांत सांपडून मोडली तर ती हमी चालत नाहीं.

आपल्या 1930 च्या मालविक्री कायद्यांतही हेंच सूत्र आहे. गिऱ्हाइकानें कशासाठीं वस्तु पाहिजे तें सांगितलें, व त्या धंद्याच्या माणसाच्या कसबावर विश्वास ठेविला, तर वस्तु त्या कामास योग्य असावी ही अट न बोलतांही करारांत येते. पण सांगितलें पाहिजे! नाल्यांतील बारीक मासळीसाठीं म्हणून घेतलेली काठी धरणावरील मोठ्या मरळीस लावावयाची, आणि मोडल्यावर बुरुडाच्या नांवानें बाजारांत ओरडावयाचें, हा प्रकार आम्ही पाहिला आहे. तसाच दुसराही पाहिला आहे: चिरलेल्या पेरावर रंग चोपडून, शपथा वाहून काठी विकणारा.

आमच्या काठीचें पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करितों. त्या दिवशीं आम्ही उरलेले 200 रुपये दिले, आणि तीन महिने थांबल्याबद्दल वर आणखी 50 पुढें केले. ते त्यानें घेतले नाहींत. ठरला तो भाव, एवढेंच म्हणाला. आम्हांस तें घेणें झालें असतें तर बरें वाटलें असतें, आणि तें त्यानें ओळखलें असावें. पुढें वैशाखांत काठीस दुसऱ्या गांठीजवळ लांब चीर गेली. आम्ही ती घेऊन त्याच्याकडे गेलों. त्यानें चिरेवरून आंगठा फिरविला आणि विचारिलें, "टिनावर ठेवली होती का जी?"

नातवानें ती महिनाभर पत्र्यावर उन्हांत टाकिली होती. हें पाहणारें बाजारांत कोणी नव्हतें, आणि घरांतच ठेविली होती एवढें म्हटल्यानें नवी काठी मिळाली असती. कारण तो वाद घालणारा मनुष्य नव्हे, हें आम्हांस आतां माहीत होतें. उत्तर द्यावयास आम्हांस वाजवीपेक्षां जास्त वेळ लागला. हो, टिनावर होती, असें आम्ही सांगितलें. त्यानें मान हलविली, पिशवींतून मेणलावलेला दोरा काढिला, चिरेवर दाट गुंडाळून गांठ मारिली, आणि दोऱ्याचे म्हणून 20 रुपये मागितले.