भूमीचा स्वामी आणि भूमीचा विनियोग

नगरपरिषदेच्या हद्दीत, रस्त्यालगतच्या शेतात मंगल कार्यालय उभारावयाचे झाल्यास शेतमालकाला सातबारा उतारा, मोजणी नकाशा आणि वास्तुविशारदाने काढलेले आराखडे जोडून नगरपरिषदेकडे विकास परवानगीसाठी अर्ज करावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात ‘विकास’ या संज्ञेने केवळ बांधकाम अभिप्रेत नाही. शेताचे गोदाम होणे किंवा राहत्या घराचे रुग्णालय होणे, असा वापरातील महत्त्वाचा बदल हाही विकासच होय, आणि विकास योजनेचा इरादा जाहीर झालेल्या क्षेत्रात तो कलम ४३ अन्वये परवानगीवाचून करता येत नाही. अशा वेळी शेतमालक जो प्रश्न विचारतो तो कार्यालयात आडमुठेपणाचा समजला जातो, पण मूळ प्रश्न तोच आहे : जमीन वाडवडिलांपासून चालत आलेली, वारसनोंद निर्विवाद, सारा भरलेला, मग तिचे काय करावे हे ठरविणारा दुसरा कोण?

पूर्वमीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावून कर्तव्याचे स्वरूप ठरविणारे शास्त्र, या प्रश्नाशी वेगळ्याच वाटेने येऊन पोहोचते. विश्वजित् यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करावयाचे असते. तेव्हा सार्वभौम राजाने हा यज्ञ केल्यास त्याने पृथ्वीही देऊन टाकावी काय, अशी शंका जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात घेतलेली आहे. तिचे उत्तर नकारार्थी असून, भूमीचा संबंध सर्वांशी सारखाच असतो हे त्याचे कारण दिले आहे. भाष्यकार शबर हे कारण आणखी नेमके करतो : निरनिराळ्या शेतांचे स्वामी असलेली माणसे दिसतात, समग्र पृथ्वीचा स्वामी मात्र कोणी दिसत नाही, आणि राजाला जे मिळते ते रक्षणाच्या बदल्यात पिकाचा हिस्सा एवढेच. शतपथ ब्राह्मणातील एका कथेत तर विश्वकर्मा भौवन पृथ्वी कश्यपाला देऊ लागतो तेव्हा खुद्द पृथ्वीच, कोणाही मर्त्याने आपल्याला दान करता कामा नये, असे त्याला बजावते. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिताना हीच बाजू घेतली आणि जिंकलेल्या प्रदेशावरही राजाला करापुरताच अधिकार मिळतो, शेताची मालकी शेतवाल्याकडेच राहते, असे ठरविले. पुढे मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू कायद्यासाठी प्रमाण मानलेल्या ग्रंथांत या ग्रंथाला मोठे स्थान मिळाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परंपरेत दुसरी बाजू नाही असे नव्हे. स्मृतिकार कात्यायनाने राजाला भूमीचा स्वामी म्हटले आहे आणि त्याच्या षड्भागाचे, म्हणजे उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शाचे, समर्थन त्यावरच आधारले आहे. महसूल गोळा करणाऱ्या कोणत्याही सत्तेला हे मत सोयीचे वाटावे, यात नवल नाही.

या दोन मतांपैकी कोणते स्वीकारावे यावर परवानगीचे नैतिक स्वरूप अवलंबून राहते. कात्यायनाचे मत धरले तर परवानगी ही धन्याने कुळावर केलेली मेहेरबानी ठरते; ती देताना कारण सांगण्याची गरज नाही आणि नाकारताना तर मुळीच नाही. जैमिनीचे मत धरले तर नगरपरिषद स्वामी नव्हे, तर ज्या ‘सर्वांशी’ भूमीचा संबंध सारखा आहे त्यांच्या वतीने बोलणारी विश्वस्त ठरते. या ‘सर्वां’मध्ये मंगल कार्यालयाच्या शेजारचा भाडेकरू, खालच्या अंगाच्या ज्या शेतात फरसबंदीवरचे पाणी उतरणार तो शेतकरी आणि अजून जन्मालाही न आलेले रहिवासी, असे सगळेच येतात. शेतमालकाचे स्वाम्य येथे अबाधित राहते; विनियोग, म्हणजे त्या वस्तूचा कशासाठी उपयोग करावयाचा याची निवड, तेवढी त्याला एकट्याने करता येत नाही. इंग्लंडमध्ये १९४७च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने हीच फाळणी केली : जमीन मालकाकडे राहिली, पण तिचा विकास करण्याचा हक्क राज्याने आपल्याकडे घेतला.

या कसोटीवर घासले असता आपल्या कायद्यातील मानीव परवानगीची तरतूद खटकते. अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळविला नाही तर, प्रस्ताव विकास योजनेशी व नियमांशी सुसंगत असल्यास, परवानगी मिळाली असे मानले जाते. दप्तरदिरंगाईवरचा उपाय म्हणून तिचे समर्थन करता येते, आणि फायली कशा मुरतात हे ठाऊक असलेला कोणीही ते करील. परंतु विश्वस्ताच्या मौनाची किंमत येथे ज्यांच्यासाठी तो विश्वस्त आहे त्यांना मोजावी लागते, मौन पाळणाऱ्याला नव्हे.

विनापरवाना बांधलेल्या इमारतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि त्यासाठीही मीमांसेकडे एक जुने हत्यार आहे. द्रव्यार्जनाचे जे नियम शास्त्राने सांगितले ते क्रत्वर्थ, म्हणजे यज्ञ सिद्ध व्हावा म्हणून, की पुरुषार्थ, म्हणजे माणसाला बंधनकारक म्हणून, असा हा वाद आहे. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीकेत मीमांसक प्रभाकराचा हवाला देऊन दुसरा पक्ष घेतला : स्वत्व लौकिक आहे, नियमभंगाचा दोष माणसाला लागतो, त्याने मिळविलेली वस्तू त्यामुळे नाहीशी होत नाही. २००१चा गुंठेवारी नियमाधीनकरणाचा कायदा, म्हणजे अनधिकृतपणे पाडलेले छोटे भूखंड शुल्क आकारून नियमित करण्याची व्यवस्था, याच विचाराच्या जवळ जातो. घर घरच राहते, प्रायश्चित्त घरमालक घेतो. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर वाचते म्हणून हे मान्य करावेसे वाटते. अडचण एवढीच की विज्ञानेश्वरापुढे व्यक्तीचे धन होते, आणि येथे बुजविलेला ओढा आहे. शुल्क भरून मालकाचा दोष फिटला तरी ओढ्याचे पाणी शेजाऱ्याच्या जोत्याशीच येणार. म्हणून वापराचे नियम निव्वळ पुरुषार्थ मानणे अपुरे पडते.

शेजाऱ्याचे नाव या सगळ्या व्यवहारात फार उशिरा निघते. विकास योजना तयार होताना हरकती व सूचना मागविल्या जातात खऱ्या, पण एखाद्या विशिष्ट परवानगीविरुद्ध कलम ४७ अन्वये अपील करण्याचा हक्क फक्त अर्जदाराला आहे. ज्याच्या अंगणात पाणी उतरणार त्याला नाही. आयर्लंडच्या १९६३च्या नियोजन कायद्याने मात्र तिऱ्हाइतालाही अपिलाचा हक्क दिला. आज तेथे कोणीही पाच आठवड्यांत वीस युरो भरून स्थानिक परिषदेकडे लेखी म्हणणे मांडू शकतो आणि निर्णय न पटल्यास राष्ट्रीय नियोजन आयोगाकडे अपिलात जाऊ शकतो. हा हक्क केवळ अडवणुकीसाठीही वापरला जातो आणि त्यापायी घरबांधणी रखडते, अशी तक्रार त्या देशात सतत होते, आणि ती खोटी नाही. तरीही भूमीचा संबंध सर्वांशी सारखा आहे या तत्त्वाला प्रत्यक्ष कार्यपद्धतीत जागा द्यावयाची तर ती हरकतींच्या वहीत आणि अपिलाच्या कलमातच द्यावी लागेल, आणि कलम ४७ मधील ‘अर्जदार’ या शब्दाशेजारी बाधित शेजाऱ्याला बसविण्यासाठी एका छोट्या दुरुस्तीपलीकडे काही लागणार नाही.