काटा

उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या पोराला 'काटामारी' हा शब्द शाळेत जायच्या आधी कळतो. ऊस ट्रॉलीत भरला, ट्रॉली काट्यावर चढली, की पावतीवर येईल तो आकडा खरा. आमचे अप्पा हंगामात एकदा तरी ट्रॉली आधी रस्त्यावरच्या खाजगी काट्यावर न्यायचे आणि घरी येऊन दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवून बघत बसायचे. मी इंजिनिअर होऊन पुण्याला आलो आणि, योगायोग बघा, मीही एक काटाच बनवला.

डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवली याचा हिशोब सांभाळते ती फाइल सिस्टिम. लिनक्सवर एक्स्ट-फोर आहे, एक्सएफएस आहे, आणखी बऱ्याच आहेत. त्यातली कुठली किती वेगवान हे मोजायची साधनं म्हणजे बेंचमार्क. येन्स अ‍ॅक्सबोचं 'फायओ' किंवा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेलं 'फाइलबेंच' ही त्यातली मोठी नावं. माझं त्यांच्यापुढे अगदीच लिंबूटिंबू. हजारो छोट्या फाइल्स तयार करायच्या, त्यात लिहायचं, त्या पुसायच्या आणि किती वेळ लागला ते सांगायचं, एवढंच. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सीमध्ये लिहिलं, मग ओपन सोर्स करून टाकलं. हळूहळू अनोळखी लोक वापरायला लागले. नोकरी सांभाळून रात्री अकरानंतर मी ते बघतो. पैसे मिळत नाहीत, आणि ते मिळावेत अशी अपेक्षाही नाही.

एकदा कुणीतरी तक्रार टाकली: माझी साटा एसएसडी तुमच्या टूलवर सेकंदाला दोन जीबी लिहिते म्हणे, हे कसं? साटाची लाइनच सेकंदाला सहा गिगाबिटची. त्यातून सहाशे एमबीच्या वर काही जाऊच शकत नाही. म्हणजे दहा टनी ट्रकमध्ये तीस टन ऊस भरल्याची पावती होती ती. मी काय केलं? 'डिरेक्ट मोड वापरा' असं एका ओळीचं उत्तर दिलं आणि तक्रार बंद केली. त्या आठवड्यात ऑफिसात रिलीज होतं. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

सहा महिन्यांनी दुसऱ्याच कुठल्या कामासाठी तोच कोड वाचत होतो, तेव्हा दिसलं. तुमचा प्रोग्रॅम 'लिही' म्हणतो तेव्हा लिनक्स तो डेटा आधी रॅममध्ये ठेवतं आणि 'झालं' म्हणतं. डिस्कवर जायचं ते सवडीने जातं. वेटरने ऑर्डर लिहून घेतली म्हणजे ताट समोर आलं असं नाही, तसंच. ताट खरंच आलं का हे पाहायचं तर 'एफसिंक' नावाची हाक मारून थांबावं लागतं. माझ्या टूलमध्ये एकापेक्षा जास्त थ्रेड चालवले की घड्याळ आधी थांबत होतं आणि एफसिंक नंतर होत होतं. जी फाइल सिस्टिम जास्त काम नंतरवर ढकलते, ती माझ्या काट्यावर जास्त वेगवान ठरत होती. आणि हे दोन वर्षं चाललं होतं.

दुरुस्ती सहा ओळींची. अवघड गोष्ट वेगळीच होती. त्याच आठवड्यात एम.टेक. करणाऱ्या एका मुलीचा मेल आला होता. प्रबंधात तुमच्या टूलचा उल्लेख कसा करू, असं विचारलं होतं. सोबत तक्ता जोडलेला. आठ थ्रेड. दोन आठवड्यांत सबमिशन.

मी लायसन्स उघडलं. ते एमआयटीचं आहे. त्यात कॅपिटल अक्षरांत लिहिलंय की सॉफ्टवेअर आहे तसं दिलंय, कसलीही हमी नाही, नुकसानीला लेखक जबाबदार नाही. कायद्याने मी मोकळा. फुकट दिलेल्या वस्तूची कसली जबाबदारी, हा युक्तिवाद मला आजही अर्धा पटतो. तो पूर्ण नाकारला तर कुणी रात्री अकराला बसून काही बनवणारच नाही. पण तो ज्याने शर्ट फुकट दिला त्याला लागू पडतो. शर्ट उसवला तर घालणाऱ्याला दिसतं. काटा चुकला तर ते ज्याचं वजन झालं त्याला दिसत नाही. म्हणून तर त्याने काटा वापरला.

स्वतःला आणखी एक दिलासा देऊन पाहिला. एरेझ झदोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली १०६ शोधनिबंधांतले ४१५ बेंचमार्क तपासले होते. बहुतेक लोकप्रिय बेंचमार्क सदोष आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे मी एकटा नाही. हा निबंध मी पूर्वी मित्रांना हसत हसत सांगायचो. त्या रात्री हसू आलं नाही.

अप्पांना फोनवर सगळं समजावणं शक्य नव्हतं. एवढंच म्हटलं, "काटा चुकत होता, मुद्दाम नाही, आता नीट केलाय. जुन्या लोकांना सांगू का?"

"मुद्दाम न्हाय म्हणून काय ऊस परत येतोय व्हय?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तुला कवा कळलं?"

"परवा."

सांगितलं ते खोटं होतं. दोन जीबीची पावती मी सहा महिन्यांपूर्वी पाहिली होती.

तिला मेल लिहिला. मुख्य पानावर सगळ्यात वर सूचना लावली: कुठल्या व्हर्जनचे कुठले आकडे धरू नयेत. जुनी व्हर्जन काढून टाकायचा मोह झाला, पण ती तशीच ठेवली. कुणाला आपले जुने आकडे पडताळायचे असतील तर चुकीचा काटाही लागतो. ती बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं की तुमचं बरोबर होतं. त्या माणसाचं उत्तर आलेलं नाही. त्याने त्या आकड्यावर डिस्क विकत घेतल्या का, किती घेतल्या, मला कधीच कळणार नाही. नवीन व्हर्जन आल्यावर पहिली प्रतिक्रिया मात्र आली: टूल स्लो झालंय, आधीचं चांगलं होतं.

तिचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. तिने सगळे टेस्ट पुन्हा चालवले होते. पहिला आणि दुसरा नंबर उलटले होते, एक प्रकरण नव्याने लिहावं लागणार होतं, गाईड चिडले होते. आभार वगैरे नव्हते. शेवटी एकच प्रश्न होता: सर, फाइल पुसण्याचा वेळ मोजताना तर असंच होत नाही ना? तपासलंय का?

तपासलं नव्हतं. रात्रीचे साडेबारा वाजले होते. लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि पुसण्याचा कोड उघडला.