प्रतीक्षेचा काळ कोणाच्या खाती?

काळ एक, नित्य आणि विभू असून क्षण, मुहूर्त, दिवस हे त्याचे भेद केवळ उपाधींमुळे भासतात, असा वैशेषिकांचा सिद्धान्त आहे. आणि जीपीयूवरील कर्नेलचा, म्हणजे तिथे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, वेग जोखताना घड्याळाचा अखंड काळ प्रमाण मानावा की कर्नेल प्रत्यक्ष कार्यरत असण्याचा, या प्रश्नाचा निवाडा करू पाहणाऱ्याने तो सिद्धान्त नजरेआड करू नये, असे मला मनापासून वाटते.

घड्याळाचा पक्ष वरकरणी सरळ दिसला तरी बेसावध माणसाला तो चकवतो. एनव्हिडियाच्या क्युडा या प्रोग्रामिंग-व्यवस्थेत कर्नेलचा हुकूम सोडल्यावर सीपीयू त्याच्या तामिलीची वाट न पाहता पुढच्या कामाला लागतो. तेव्हा काम पुरे होईतो न थांबता घड्याळ पाहणाऱ्याच्या हाती केवळ हुकूम रवाना होण्याचा काळ लागतो. उलट शेवटपर्यंत थांबावे, तर हुकूम पोहोचण्याचे मायक्रोसेकंदही कर्नेलच्याच माथी बसतात. म्हणून जेवढे केले तेवढेच मोजावे, हा न्याय परीक्षकाला पटतो.

परंतु कार्यरत कोणाला म्हणावे? एनव्हिडियाच्या जीपीयूतील एखाद्या एसएमवर, म्हणजे गणनविभागावर, 32 थ्रेडांचा एक जरी वार्प मुक्कामाला असला, तरी क्लॉकचे ते आवर्तन सक्रिय म्हणून रुजू होते. मग तो वार्प मेमरीतून येणाऱ्या आकड्यासाठी शेकडो आवर्तने नुसता तिष्ठत का असेना. परमाणूला पूर्वदेश सोडून उत्तरदेश गाठण्यास लागणारा काळ म्हणजे क्षण, आणि क्षणांचा समुदाय मात्र बुद्धीने रचलेला, वस्तुशून्य, असे योगसूत्रांवरील व्यासभाष्यात प्रतिपादिले आहे; सक्रिय काळाची बेरीजही त्याच जातीची. दोष कर्नेलच्या कोणत्या भागात आहे हे शोधण्यास ती अमोल आहे. जाब मात्र घड्याळालाच द्यावा लागतो.

कारण त्या बेरजेतून प्रतीक्षा निःशेष गाळत गेले, तर अखेर हाती उरते ती केवळ गणितकृत्यांची संख्या, आणि ती संख्या कमी करणाऱ्या भाषा-मॉडेलांतील अटेन्शन या गणनेच्या कित्येक पद्धतींना प्रत्यक्ष वेग लाभला नव्हता. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या फ्लॅशअटेन्शनने मधले आकडे मुख्य मेमरीत साठवण्याऐवजी ते पुन्हा काढण्याचे जादा श्रम पत्करले आणि मेमरीकडच्या खेपा घटवल्या. श्रम वाढले, तरी काळ घटला. केवळ कृत्यांचा हिशेब ठेवणाऱ्याच्या दप्तरी ही सुधारणा तोट्याच्या रकान्यात पडली असती.