घरून काम, सोलापूरचा जुना अनुभव

घरून काम ही पद्धत २०२० च्या टाळेबंदीने आणली, असं आपण सहज बोलून जातो. सोलापूरच्या विडी कामगार महिला मात्र कितीतरी आधीपासून घरूनच काम करतात. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवून कात्रीने कापायचं, सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानलं, हे त्या काळाच्या मानाने फार पुढचं पाऊल होतं. पण तिचा खरा अनुभव ठरतो तो विड्या जमा करताना. तिथे छाट निघते. वळलेल्या विड्या नापास होतात, आणि का झाल्या ते सांगायला कुणाला वेळ नसतो.

यावर म्हणतात, घरी बसून तिला मोकळीक तर मिळते! मिळते, खोटं नाही. पण जागा तिची, दिवा तिचा आणि तंबाखूची धूळही तिच्याच घरात. दुसरा आक्षेप धंद्याचा आहे: मागणी घटतेय, मालकाला परवडत नाही. मजुरीच्या दरवाढीपुरतं हे एकवेळ मान्य करू. नापास विडी समोर धरून तिचा दोष दाखवायला मात्र दोन मिनिटं पुरतात. संगणकावर घरून काम करणाऱ्यांच्या साहेबांनाही हेच लागू आहे. माणूस समोर नसला की फक्त आकडा दिसतो, म्हणून कारण सांगण्याची जबाबदारी साहेबाची वाढते.